चाचणी विद्यार्थी

विद्यापीठाची ऑनलाइन शिकवणीची यंत्रणा तेरा वर्षांची झाली होती आणि आता नवी यायची होती. जुन्यातलं काय न्यायचं, काय टाकायचं हे ठरवायला बैठक बसली होती. यादी मी केली होती, कारण मदतकक्षात मी एकटीच. पासवर्ड विसरलेला प्रत्येक प्राध्यापक माझ्याच नावाने खडे फोडतो. यादीत सोळा हजार नावं होती. त्यातल्या एकाच नावाशी मी पुन्हा पुन्हा अडत होते.

चाचणी विद्यार्थी.

हे खातं मीच उघडलं होतं, परीक्षा नीट चालतात का ते बघायला. आता बरोबर उत्तराला यंत्रणा बरोबर म्हणते का हे तपासायचं, तर आधी बरोबर उत्तर यायला नको? म्हणून एक धडा वाचला. मग दुसरा. भूगर्भशास्त्राने तर वेडच लावलं. बारावी झाल्याझाल्या मी नोकरीला चिकटले होते, कॉलेज राहिलं ते राहिलंच, आणि त्याची हळहळ कधी गेली नव्हती. सात वर्षांत त्या खात्यावर मी एकतीस विषय पास झाले. नवरा म्हणायचा, "ऑफिसचं काम घरी आणू नकोस गं." त्याला काय सांगणार, मी घरी ज्वालामुखी आणत होते!

आणि चाचणीची सगळी खाती टाकायची, हा नियमही मीच लिहिलेला. स्वतःच्या पायावर धोंडा, दुसरं काय.

नव्या कंपनीचा माणूस पडद्यावर यादी सरकवत होता. "हे खोटं खातं. काढू ना?"

"थांबा!" भूगर्भशास्त्राच्या बाई ताडकन उठल्या. "याला काढायचं? अहो, हा माझा सगळ्यात हुशार मुलगा! नाव जरा विचित्र आहे, पण म्हटलं, असतं एकेकाचं. तीन वर्षं निरोप धाडतेय, प्रयोगशाळेत ये म्हणून. पठ्ठ्या उत्तर देईल तर शपथ!"

सगळे खो खो हसत सुटले. कुलसचिव डोळे पुसत म्हणाले, "बाई, हा मुलगा अस्तित्वातच नाही हो."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मला ते बघवेना.

"आहे," मी म्हणाले. उभी कधी राहिले, माझं मलाच कळलं नाही. "म्हणजे... तो मी आहे. त्या खात्याचे निरोप मीच बंद करून ठेवलेत, म्हणून दिसले नाहीत."

बाई टेबलाला वळसा घालून तरातरा माझ्यापाशी आल्या. "बेसाल्टचे कण बारीक का?"

"लाव्हा झटपट थंड होतो म्हणून. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश निवतो, म्हणून त्याचे मोठे."

"हाच तो!" बाई ओरडल्या आणि त्यांनी मला मिठीच मारली.

कुलसचिव घसा खाकरून म्हणाले, "हे बघा ताई, खोट्या खात्यावरचे गुण खऱ्या माणसाला देता येत नाहीत."

"अहो, पण..." बाई उसळल्या.

"प्रवेश देता येईल. रीतसर, पहिल्या वर्षाला." त्यांचा आवाज एकदम हळवा झाला, माझ्या घरी काही वाईट घडल्यासारखा. "पण एकतीसच्या एकतीस परीक्षा पुन्हा द्याव्या लागतील."

पडद्यावरून ते नाव गेलं. माझी सात वर्षं गेली, आणि मला मेलं हसूच आवरेना.

"सगळ्या?" मी विचारलं. "आणि माझ्या नावाने?"