परीक्षा कोणी कोणाला दिली

सौमित्र वानखडेचं इंग्रजी वाईट आहे, असं कोणीच म्हणत नव्हतं. विद्यापीठाने पाठवलेल्या निकालात एवढंच लिहिलं होतं की ऐकणाऱ्याला कष्ट पडतात.

अमरावतीला त्याचं इंग्रजी वेगासाठी प्रसिद्ध होतं. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत तो सात मिनिटांचं भाषण चार मिनिटांत संपवायचा आणि पहिला यायचा. परीक्षकांनाही घरी जायचं असायचं. ऑगस्टमध्ये अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात आल्यावर त्याने इंग्रजीची तोंडी परीक्षा त्याच वेगाने दिली आणि सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.च्या सगळ्या नव्या पोरांत सगळ्यात आधी नापास झाला.

तेव्हा त्याचं काही बिघडलं नाही. त्याचा पगार आणि फी प्रोफेसरांच्या ग्रँटमधून जात होती. ऑक्टोबरात प्रोफेसर म्हणाले की ग्रँट डिसेंबरपर्यंतच आहे, आणि हे सांगताना त्यांनी त्याला कॉफी पाजली. आता जानेवारीपासून पहिल्या वर्षाच्या वर्गावर शिकवण्याचं काम मिळालं तरच तो राहणार होता. परदेशी विद्यार्थ्याला ते काम मिळायला ही तोंडी परीक्षा पास व्हावी लागते. नाही झाला, तर एका सेमिस्टरची पीएच.डी. घेऊन अमरावतीला परत. शिकवणाऱ्यांची विभागाची यादी शुक्रवारी पाचला बंद होणार होती. परीक्षा बुधवारी तीनला.

त्याची तयारी आसावरी करून घेत होती. आसावरी नागपूरची, स्टॅटिस्टिक्सच्या पाचव्या वर्षाला. ती स्वतः ही परीक्षा कधीच पास झाली होती आणि आता दर शनिवारी लायब्ररीत नव्या मुलांची सराव परीक्षा घ्यायची.

"हे बघ, चार रकाने असतात," ती म्हणाली. "उच्चार, व्याकरण, ओघ, आणि समोरच्याशी नीट बोलतोस की नाही. प्रत्येकात पाचपैकी चार हवेत."

"आणि विषयाचे मार्क?"

"विषयाचे नसतात."

"म्हणजे मी बीमचं गणित चुकवलं तरी चालेल?"

"चुकव. सगळा पूल पाड. फक्त तो कसा पडला ते त्यांना पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे."

"हे काय लॉजिक आहे यार?"

"लॉजिकचा रकाना नाहीये. दोन जण मार्क देतात, एकमेकांचे न बघता. दोघांत एकाहून जास्त फरक पडला, तर तिसरा माणूस व्हिडिओ बघतो आणि मग तिघांची सरासरी. आणि प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युअली'ने सुरू करू नकोस."

"मग कशाने करू?"

"श्वासाने."

तीन आठवडे सौमित्र श्वास घेऊन बोलत होता. 'बीमवरचा ताण' हा सहा मिनिटांचा पाठ त्याने तोंडपाठ केला, आणि दाखवायला कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक बीमही केला.

बुधवारी खोलीत दोघं होती. कोवाल्स्कीबाई साठीच्या, लोकरीच्या स्वेटरमधल्या, चष्मा दोरीला बांधलेल्या. टॉड तिशीतला, कॅमेऱ्यामागे. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. दारातच सौमित्रच्या शर्टावर नावाचं स्टिकर चिकटवलं गेलं. एका परीक्षेला वीस मिनिटं: गप्पा, मग पाठ, शेवटी विद्यार्थ्याशी बोलल्यासारखा संवाद. पहिली दोन मिनिटं नुसत्या गप्पांची. त्यांना मार्क नसतात, उमेदवाराची भीती जावी म्हणून ती ठेवलेली असतात.

इथे एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, कारण सौमित्रला ती कोणीच सांगितली नव्हती. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतो. अमेरिकेत मास्तर परीक्षा देतो आणि विद्यार्थी घेतो. विद्यार्थ्याचं व्हायचं ते दोन्हीकडे होतंच, पण क्रियापद उलटं. आपलं क्रियापद जसंच्या तसं इंग्रजीत घातलं तर वाक्य अगदी शुद्ध येतं. फक्त माणूस बदलतो.

"ही परीक्षा पहिल्यांदाच का?" कोवाल्स्कीबाईंनी हसून विचारलं.

सौमित्रने श्वास घेतला. "नो, मॅम. आय गेव्ह इट इन ऑगस्ट."

बाईंचं हसू तसंच राहिलं, पण पेन थांबलं. "तुम्ही दिली?"

"हो."

"इथे?"

"इथेच. याच खोलीत."

"किती जणांना?"

सौमित्रने आठवून पाहिलं. "दोघांना. त्यांतल्या एक तुम्हीच होतात."

टॉडने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं.

"मला?" बाई म्हणाल्या.

"तुम्हाला आठवत नसेल. पण माझ्या मनात काही नाही."

या परीक्षेचा एक नियम फार कडक आहे. जो कधी परीक्षक होता त्याला उमेदवार म्हणून बसता येत नाही, कारण परीक्षकांना मार्कांची एक आतली पुस्तिका मिळते. असा कोणी बसलेला सापडला तर परीक्षा रद्द, आणि वर्षभर दार बंद.

"मार्क कसे देतात ते तुम्हाला माहीत आहे?" बाईंनी हळू विचारलं.

सौमित्रला वाटलं, तयारी दिसायला हवी. "पूर्ण. चारही रकाने. माझ्या मैत्रिणीने शिकवलं. आसावरी देशकर. तिने ही परीक्षा एकदाच दिली. आता दर शनिवारी घेते."

"दर शनिवारी घेते," टॉड म्हणाला.

"लायब्ररीत. कधी कधी एका दिवसात चार."

"म्हणजे अजून पास नाही झाली?"

"छे, पहिल्याच खेपेला झाली."

"आणि तरी घेते?"

"तिला आवड आहे," सौमित्र म्हणाला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मला ऑफिसला कळवावं लागेल," त्या म्हणाल्या आणि टेबलावरच्या फोनकडे वळल्या. "नियमभंगाचा प्रश्न आहे. सॉरी."

सौमित्रला कळेना, चुकलं काय. उच्चार नीट होते. वेग बैलगाडीचा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा एकूण एक शब्द समोरच्याला पहिल्या झटक्यात कळला होता, आणि तरी त्याला हाकलत होते. भिंतीवरच्या घड्याळात सहा मिनिटं गेली होती. बाईंनी रिसीव्हर उचलला, एक आकडा दाबला, मग कार्डावरचा नंबर बघायला दोरीचा चष्मा चाचपू लागल्या. कुठेतरी बघायचं म्हणून सौमित्रने खाली मान घातली. शर्टावरचं स्टिकर त्याला उलटं दिसत होतं. नाव त्याचंच. त्याच्या वर छापलेलं: टेस्ट टेकर.

घेणारा. मी?

"फोन करू नका," तो म्हणाला. "एक मिनिट. चूक माझी आहे आणि ती मला सापडली आहे."

परवानगी न विचारता तो फळ्याशी गेला. दोन माणसं काढली, एक मोठं, एक लहान. घाईत शिक्षकाला तीन पाय आल्यासारखे दिसत होते.

"हा शिक्षक, हा विद्यार्थी. माझ्या भाषेत बाण इकडून तिकडे जातो. विद्यार्थी उत्तरं देतो, शिक्षक ती घेतो. म्हणून आम्ही म्हणतो, विद्यार्थ्याने परीक्षा दिली. इथपर्यंत ठीक?"

बाईंनी रिसीव्हर हातात धरूनच मान हलवली.

"तुमच्या भाषेत बाण उलटा. शिक्षक प्रश्न देतो, विद्यार्थी घेतो. औषध घेतात तसा. शब्द तेच, माणसं उलटी. आता ऑगस्ट. मी इथे होतो." त्याने लहान माणसावर बोट ठेवलं. "तुम्ही तिथे. मी नापास झालो. आता आसावरी. आधी तीही इथेच होती. हल्ली शनिवारी नव्या मुलांसमोर ती तिथे बसते, खोटी परीक्षक म्हणून. आतली पुस्तिका तिने पाहिलेली नाही. रकाने तुमच्याच वेबसाइटवर आहेत. कुठे अडलं का?"

"माझं अडलं," टॉड म्हणाला. "मार्क कोण देतं?"

"मार्क दोन्ही भाषांत तुम्हीच देता."

टॉड हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि फळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग घड्याळाकडे.

"आठ मिनिटं उरली आहेत," त्या म्हणाल्या. "पाठाला सहा लागतात, संवादाला पाच. दोन्ही बसत नाही. पुढची तारीख जानेवारीत मिळेल."

"शुक्रवारी यादी बंद होते, मॅम."

"ते मला माहीत नाही आणि माहीत असून चालणार नाही." त्यांनी चष्मा काढला. "दुसरा मार्ग आहे. पाठ कुठल्याही विषयावर चालतो आणि कॅमेरा चालू होता. आत्ता फळ्यावर जे केलंत ते मी पाठ म्हणून धरू शकते. पण मग ते जिथून सुरू झालं तिथून धरावं लागेल. तुमचं ते 'गेव्ह'सुद्धा मार्कांत येईल. टॉडची हरकत नसेल तर. ठरवा."

टॉडने खांदे उडवले. सौमित्रच्या बॅगेतून पुठ्ठ्याच्या बीमचं टोक बाहेर आलं होतं. त्या बीमवरचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता, आणि त्यात एकही 'गेव्ह' नव्हतं. पण तो बीम जानेवारीतला होता.

"धरा," तो म्हणाला.

मग संवादाची पाच मिनिटं टॉड कमी मार्क पडलेला विद्यार्थी झाला आणि 'मला दहापैकी सहाच का' म्हणून भांडला. सौमित्रने त्याला मध्ये तोडलं नाही. ऑगस्टपासून हाच प्रश्न तो स्वतः मनात विचारत होता, त्यामुळे तो कुठे दुखतो ते त्याला ठाऊक होतं. "तुला बरोबर वाटलेलं उत्तर आधी दाखव," तो म्हणाला, आणि वेळ संपेपर्यंत दोघं एका न झालेल्या पेपरावर वाकून बसले.

गुरुवारी मेल आला. उच्चार चार. ओघ चार. संवाद पाच. व्याकरणात एका परीक्षकाचे तीन, दुसऱ्याचे पाच. दोनचा फरक, म्हणून व्हिडिओ तिसऱ्या परीक्षकाकडे. निकाल उद्या.

शुक्रवारी तीनपासून सौमित्र विभागाच्या ऑफिसबाहेर बसला होता. आतल्या क्लार्कबाईंनी चार वाजता त्याला पाणी दिलं आणि सवाचारला विचारलं की तो कोणाची वाट बघतोय. "एका आकड्याची," तो म्हणाला. तीन आला तर सरासरी चारच्या खाली. साडेचारला त्यांनी यादी छापायला टाकली. प्रिंटर गरम होत होता तेव्हा फोन थरथरला.

तिसऱ्या परीक्षकाचे चार. सरासरी चार. पास. खाली शेरा होता: क्रियापद चुकीचं. चूक गंभीर, परीक्षा रद्द होण्याची वेळ आली. उमेदवाराने ती स्वतः शोधली आणि दोघा परीक्षकांना समजावली. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळवावं.

क्लार्कबाईंनी त्याचं नाव शेवटच्या ओळीत पेनाने घातलं. सही करून तो बाहेर आला आणि त्याने आसावरीला फोन लावला.

"पास."

"चला, सुटलास. उगाच टेन्शन घेत होतास. आणि ऐक ना, मला आत्ता एक विचित्र मेल आलाय. कोवाल्स्की म्हणून कोणी आहेत. सोमवारी भेटायला बोलावलंय. मी दर शनिवारी लायब्ररीत नेमकं काय करते ते लेखी घेऊन यायचंय."

सौमित्रने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सौमित्र, तू माझं नाव सांगितलंस?"

"हो."

"आडनावासकट?"

"हो. आणि हळू सांगितलं," तो म्हणाला. "त्यांना लगेच कळलं."