शिकवायला आणलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. जव्हारच्या एका कॉलेजातल्या लोखंडी कपाटात राहतो. माझ्या अंगावर एक ओरखडा नाही, काचेला बुरशी नाही, आणि याचंच सगळे कौतुक करतात. मला मात्र त्या कौतुकाची शिसारी येते. का, ते सांगतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. दोन हजार तीन साली खोक्यात बसून मी जव्हारला आलो. कॉलेजात 'डिजिटल माध्यमे' नावाचा नवा अभ्यासक्रम निघाला होता. नारळ फुटला, माझ्या कपाळावर कुंकवाचं बोट ओढलं गेलं, आणि वेखंडे सर भाषणाला उभे राहिले.

"काळ झपाट्याने बदलतोय," ते म्हणाले. "आज असलेलं काम उद्या असेलच, असं नाही. सगळेच काही डी.एड. करून मास्तर होणार नाहीत. उद्याच्या कामांसाठी आम्ही तुम्हाला तयार करू."

समोर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची मुलं बसली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही भाबडाच, मला वाटलं आता या सगळ्या हातांतून आपण फिरणार. दुसऱ्याच दिवशी मला कपाटात कोंबून कुलूप लावलं. किल्ली सरांच्या खिशात गेली.

मग मुलं शिकली कशावर? बिस्किटांच्या खोक्यावर. सरांनी त्याला पुढून एक गोल भोक पाडलं आणि मागे बटण म्हणून बाटलीचं झाकण चिकटवलं. मुलं तो खोका डोळ्याला लावून पाढ्यांसारखं घोकायची, "एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद." कपाटाच्या फटीतून हे ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि मी तरी निवांत होतो का? छे. लग्नसराई आली की सर मला हळूच घरी न्यायचे. त्यांचा भाचा कमलेश माझ्यावर लग्नांचं चित्रण करी आणि भाडं सरांकडे जाई. कमलेश कॉलेजात शिकतही नव्हता. त्याच्या बोटांची हळद, जिलेबीचा पाक आणि पंगतीतलं तेल माझ्या बटणांत जाऊन बसलं. वरमाईच्या मागे मागे फिरून मला वीट आला. सोमवारी सर मला स्पिरिटने पुसायचे आणि पुन्हा कपाटात ठेवायचे. मुलांना सांगायचे, "महागाची वस्तू आहे, लांबून बघा."

त्या मुलांत खोडाळ्याची योगिता होती. तिची आई सुकी दर वर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची. एकदा बाजाराला आली तेव्हा ती वर्गाच्या दारात उभी राहून लेकीला म्हणाली, "तुजा काय काम झाला त ठीक. नाय त औंदा माज्या संगं भट्टीवर चल." योगिता खोका उचलून पुन्हा घोकायला लागली.

दिवाळीच्या आधी नाशिकच्या एका केबल चॅनलचे साहेब आले. जव्हार-मोखाड्याच्या बातम्या टिपायला त्यांना एक जण हवा होता. परीक्षा सोपी होती, बाजारात जाऊन एका माणसाची गोष्ट टिपून आणायची. आधी कमलेश गेला. त्याचं चित्र स्थिर आलं, काही चुकलं नाही. चुकणार कसं? लग्नसराईभर मी त्याच्याच हातात होतो.

मग योगिताची पाळी आली. साहेबांपुढे मिरवताना सरांनी माझं बटण दाबलं आणि तसाच, चालू स्थितीत, मला तिच्या हातात दिलं. बाजारात एका भाजीवालीसमोर तिने मला डोळ्याला लावलं, मनापासून बटण दाबलं, आणि चालू असलेलं चित्रण बंद झालं. माझ्या पडद्यावर चित्र दिसतच होतं, म्हणून तिला शंका आली नाही. कोपऱ्यातली लाल खूण पाहायची असते, हे तिला ठाऊक नव्हतं. खोक्याला लाल खूण कुठली? काम झालं असं समजून तिने पुन्हा बटण दाबलं, आणि चित्रण चालू झालं. मग मला हातात खाली लोंबकळत धरून ती भाजीवालीशी गप्पा मारत राहिली.

परत आल्यावर मला टीव्हीला जोडलं. पडद्यावर चिखल, चपला आणि कुणाचीतरी कोंबडी दिसू लागली. सर खो खो हसले. त्या हसण्याची मला आजही घृणा वाटते.

पण साहेब हसले नाहीत. चिखलावरून आवाज येत होता. योगिता भाजीवाल्या चैतीशी तिच्याच बोलीत गप्पा मारत होती, आणि चैती मन मोकळं करत होती, पाड्यावरून भल्या पहाटे निघाल्याचं, घरी ठेवलेल्या तान्ह्या लेकराचं.

"हिला माणसं बोलती करता येतात," साहेब म्हणाले. "चित्राचं शिकेल. पुन्हा एकदा पाठवा हिला. माझ्या गाडीला वेळ आहे थोडा."

"माला समजला, कुठं चुकला ते," योगिता पुढे आली. "आजून एकदा द्या, सर."

सरांनी मला टीव्हीपासून सोडवून हातात घेतलं. "टेप संपली, साहेब," ते म्हणाले. "दुसरी नाही."

योगिताने माझ्या पडद्याकडे पाहिलं. उरलेल्या टेपचा आकडा तिथे ठळक दिसत होता. अर्ध्याहून जास्त टेप शिल्लक होती. तिने तो आकडा वाचलासुद्धा. पण तो कशाचा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"बरा, सर," ती म्हणाली.

काम कमलेशला मिळालं. योगिता दिवाळीनंतर आईबरोबर भट्टीवर गेली. पुढे टेपचे कॅमेरेही मागे पडले, आणि मला आता कुणी भाड्यानेही नेत नाही. पाहुणे आले की सर कपाट उघडतात आणि म्हणतात, "बघा, कसा जपलाय."

मित्रांनो, याला जपणं म्हणत नाहीत. तुमच्या शाळेत एखादं यंत्र कुलपात असेल, तर मोठ्यांकडे त्याची किल्ली मागा. ते हाताळा, चुका, पुन्हा करून बघा. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं. मी योगिताच्या हातून पडून फुटलो असतो ना, तरी चाललं असतं. या चकचकीत अंगाची मला किळस येते.