तिसऱ्या प्रकरणातली चंद्रकोर

"चंद्रकोर माझी आहे, पण काढलीय दुसऱ्याच कुणीतरी," असं म्हणत नेटामावशीने पुस्तक टेबलावर आपटलं, आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम सेंगा रेनीकडे वळल्या.

सेंगाच्या तोंडात नेमकं तेव्हा बिस्किट होतं. तोंड भरलेला माणूस तसाही गुन्हेगारच दिसतो. त्यात ते गिळायची घाई केली की खात्रीच पटते. सेंगाने घाई केली.

ग्रीनॉकच्या वाचनालयात मागच्या खोलीत ही मंडळी दर गुरुवारी दुपारी जमायची आणि चहाबरोबर फक्त खुनांवर बोलायची. खून आपल्या स्कॉटलंडातलाच हवा. इंग्लंडमधला त्यांना चालत नसे. तिकडे म्हणे माणूस मेला तरी गालिच्यावर डाग पडत नाही. पण एवढ्या एका मुद्द्यावर एकमत झालं की पुढे प्रत्येकाची चूल वेगळी. फर्गस लॉकहार्ट जन्मभर कोर्टात कारकून होते. त्यांना एडिंबरा लागायचं, आणि बायको सोडून गेलेला, पोट बिघडलेला इन्स्पेक्टर लागायचा. त्या इन्स्पेक्टरने वॉरंटशिवाय एखादं कपाट उघडलं की लॉकहार्टसाहेबांचा अख्खा आठवडा खराब. सेंगा बस चालवायची. तिला ग्लासगोचे खून आवडत, कारण तिथे प्रेताशेजारी उभं राहूनसुद्धा लोक विनोद करतात. आणि नेटामावशीला हवं बेट. वादळाने बोट बंद पडलेली, गावात मोजकी घरं, आणि खुनी सगळ्यांबरोबर बसून सूप पितोय.

"शहरात काय, कोणीही कोणालाही मारतं," ती म्हणायची. "ओळखीच्या माणसाला मारायला डोकं लागतं."

नेटा गौर्लेने अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती. सेंगाचे दोन्ही मुलगे तिच्याच हातावर जन्मले. म्हणून ती गावाची मावशी. पुस्तकातला खुनी ती तिसऱ्या प्रकरणापर्यंत हुडकून काढायची. कसं ते विचारलं तर सांगायची, की बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या शिरल्या कळतं, घरातलं कोण खोटं बोलतंय. पुस्तकात तर सगळे छापूनच खोटं बोलतात.

आता त्या चंद्रकोरीचं. या पुस्तकांची वेष्टनं सगळी सारखीच: काळं आभाळ, एक झोपडी, एक कावळा. वाचलेलं कुठलं नि राहिलेलं कुठलं, कळायची सोय नाही. म्हणून वाचनालयाचे जुने वाचक पुस्तक संपलं की आत आपली गुपचूप खूण करून ठेवतात. पुढच्या वेळी फडताळातून काढलं की आधी खूण बघायची. असली तर परत ठेवायचं. नियमात बसत नाही, पण ग्रंथपाल मॉर्व्हेन काणाडोळा करायची. लॉकहार्टसाहेब शेवटच्या ओळीखाली पट्टीने रेघ मारत. सेंगा लेखकाच्या फोटोला मिशी काढायची, लेखिका असली तरी. आणि नेटामावशी तिसरं प्रकरण सुरू होतं त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने छोटी चंद्रकोर काढायची. खुनी सापडला तो टप्पा म्हणून.

आणि उन्हाळा सरल्यापासून मावशीला तिने न वाचलेल्या पुस्तकांत आपली चंद्रकोर सापडायला लागली होती. नवं म्हणून न्यावं, घरी जाऊन उघडावं, तर तिसऱ्या प्रकरणात कोर हजर.

"कोणीतरी माझी टर उडवतंय," मावशी म्हणाली.

आता गावात टर उडवणारं कोण, हे काय कुणाला विचारायला हवं होतं? मागच्या हिवाळ्यात लॉकहार्टसाहेबांच्या पुस्तकात 'माळ्याने मारलं' अशी चिठ्ठी सेंगानेच घातली होती. त्या पुस्तकात माळीच नव्हता. साहेब बिचारे शेवटच्या पानापर्यंत माळ्याची वाट बघत बसले. त्याआधी तिने त्यांच्या आवडत्या कादंबरीच्या वेष्टनात मटणाच्या रश्शांचं पुस्तक घातलं होतं, आणि साहेबांनी बरीच पानं संशयाने वाचून काढली होती, असं ती सांगत सुटली होती.

"मिसेस रेनी," लॉकहार्टसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा इतिहास या खोलीला ठाऊक आहे."

सेंगा म्हणाली, की इतिहासावर फाशी द्यायची तर आधी साहेबांच्या लाडक्या इन्स्पेक्टरलाच लटकवावं लागेल. कोणी हसलं नाही. एरवी पहिली हसायची ती नेटामावशी. ती सेंगाकडे रोखून बघत होती.

"तू असशील तर सांग पोरी," ती हळू आवाजात म्हणाली. "मी रागावणार नाही. उलट बरं वाटेल. माझ्या जेसीचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या. मग चुलीवरची किटली."

जेसी तिची बहीण. शेवटी शेवटी ती नेटालाच नर्स समजून आभार मानायची.

सेंगाने दोन्ही मुलांची शपथ घेतली. मावशीने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला की नाही, ते सेंगाला कळलं नाही. लॉकहार्टसाहेबांचा बसला नव्हता, हे मात्र स्वच्छ दिसत होतं. पुढच्या गुरुवारी याचा काय तो निकाल लावू, म्हणाले. आणि दोष सिद्ध झाला तर मिसेस रेनींनी आपले खून घरी बसून वाचावेत.

ते सेंगाला फार लागलं. घरात बोलायला कोण होतं? पोरं लांब, नवरा तर त्याहून लांब. बसमध्ये लोक 'थँक्यू' म्हणून उतरून जायचे. माणसासारखं भांडायला मिळायचं ते गुरुवारीच.

मग सेंगाने तपास हाती घेतला. एवढे खून वाचून ते जमणार नसेल तर मग वाचले कशाला? पहिला संशय अर्थातच साहेबांवर. म्हातारा मावशीशी लावलेली प्रत्येक पैज हरला होता. खुनी ओळखण्यात एकदाही तिच्या पुढे गेला नव्हता. त्यात त्याला पेन्सिलीला सारखं टोक करायची सवय. दुसरा संशय मॉर्व्हेनवर, कारण पुस्तकं तिच्या हाताखालून जातात आणि ती हल्ली मावशी आली की नजर चुकवायची. तिसऱ्या संशयाची गरज सेंगाला वाटली नाही.

तिने सापळा लावला. साहेबांनीच शिफारस केलेलं 'खारवलेला हात' नावाचं कोरं पुस्तक आलं होतं, बेटावरचं. सेंगाने मॉर्व्हेनला समोर उभं करून ते खोक्यातून काढायला लावलं. तिसरं प्रकरण उघडलं. कोपरा स्वच्छ. मग ते तिने स्वतः मावशीच्या हातात नेऊन दिलं. आता यात कोर उगवली, तर मधे कोणाचा हात लागला तेवढंच बघायचं.

आणि बघणं सोपं होतं, कारण मावशी सेंगाच्या बसमध्येच वाचायची. म्हाताऱ्यांना बस फुकट, शिवाय आत ऊब. मावशी बंदराजवळ चढायची, पुढच्या सीटवर बसायची, डोंगरावरच्या वस्तीपर्यंत जायची, परत खाली यायची. मुक्काम असा नाहीच.

सोमवारी ती 'खारवलेला हात' घेऊन चढली. वर जाता जाताच तिने जाहीर केलं: "पाद्र्याची बहीण."

"इतक्यात?" सेंगाने आरशातून विचारलं.

"मासे खारवायला मीठ लागतं. ही बाई रविवारी मिठाचं पोतं आणते आणि शुक्रवारी म्हणते मीठ संपलंय. घरात माणसं दोन. बाकीचं मीठ गेलं कुठे?"

बुधवारी तिने पुस्तक संपवलं. बस सिग्नलला उभी होती. सेंगाने वरच्या आरशात बघितलं, तर मावशीने शेवटचं पान मिटलं, समाधानाने नाकातून श्वास सोडला, कोटाच्या खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढलं, पानं मागे उलटत तिसरं प्रकरण उघडलं आणि डाव्या हाताने कोपऱ्यात कोर काढली. "बहीणच," ती म्हणाली. सेंगा हसली. वाचलं, खूण केली, झालं. या खेपेला तरी कोणी मधे तडमडलं नव्हतं.

गुरुवारी सगळे बसले. मॉर्व्हेनने चहा ओतला. नेटामावशीने पिशवीतून 'खारवलेला हात' काढलं आणि तिसरं प्रकरण उघडून टेबलावर ठेवलं.

"हे तर कोरं होतं ना?" ती म्हणाली. "सेंगा, तूच दिलंस. मी अजून उघडलंसुद्धा नव्हतं. आज सकाळी बघते तर, हे बघा."

सेंगाने चहाचा कप खाली ठेवला. आवाज जरा जास्तच झाला.

तिला एकदम मागची सगळी पुस्तकं आठवली. ऑगस्टात मावशी दीपगृहाच्या रखवालदारावर तावातावाने बोलली होती; सप्टेंबरात त्याच रखवालदारावर, त्याच शब्दांत, त्याच विनोदासकट. तेव्हा सेंगाला वाटलं होतं, म्हातारी आपलीच फिरकी घेतेय. मॉर्व्हेनकडे बघितलं, तर ती चहाच्या किटलीकडे बघत होती, नि तिचे कान लाल झाले होते. हिला माहीत आहे, सेंगाच्या लक्षात आलं. केव्हाचंच माहीत आहे; मावशीच्या नावावर तीच पुस्तकं पुन्हा चढवते ती हीच.

लॉकहार्टसाहेब उठले. उगाच इतिहास उगाळण्यात अर्थ नाही, म्हणाले, पुरावा पाहू. कुठलं पुस्तक कधी कोणी नेलं, हे कॉम्प्युटरला ठाऊक असतं. ही सगळी पुस्तकं मिसेस रेनींच्या हातून गेली असणार. मॉर्व्हेनने तेवढं पडद्यावर आणावं, सर्वांसमोर. मॉर्व्हेन म्हणाली, की असं दाखवता येत नाही, नियम आहे. साहेब म्हणाले, नियम त्यांनी तिच्या जन्माआधीपासून वाचलेत. ज्याची त्याने परवानगी दिली की झालं.

"माझी परवानगी आहे," नेटामावशी म्हणाली. "माझ्या नावावरचं सगळं दाखव पोरी. माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

मॉर्व्हेन कॉम्प्युटरकडे निघाली. वाटेत पाय मोडला तर बरं, अशा चालीने निघाली.

"मी केलं," सेंगा म्हणाली.

लॉकहार्टसाहेबांनी इतक्या वर्षांत खुनी पहिल्यांदाच बरोबर ओळखला होता. त्यांना क्षणभर काय करावं सुचेना. सेंगा बोलत सुटली. गंमत म्हणून केलं. मावशीची पिशवी बसमध्ये सीटवर राहायची, ती खाली उतरून पाय मोकळे करायची, तेवढ्यात काढायची कोर. म्हटलं, सगळ्यांना फसवते ती म्हातारी एकदा आपण फसवावी. मुलांची शपथ? पोरं मोठी झालीत, झेपेल त्यांना.

खोटं बोलायची तिला सवय होती, पण ते हसू आणण्यासाठी. हे नुसतंच खोटं बोलणं फार जड गेलं.

साहेबांनी निकाल सुनावला. मिसेस रेनींनी यापुढे गुरुवारी येऊ नये. एका वृद्ध बाईला तिच्याच डोक्याबद्दल शंका यायला लावणं, याला ते गंमत म्हणत नाहीत. आणि हे ते मनापासून बोलले. सेंगाने आपली पिशवी उचलली.

"थांबा," नेटामावशी म्हणाली.

ती सेंगाकडे बघत होती. बाळंतिणीच्या खोलीत शिरताना बघत असेल तसं. तिने खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढलं, कागदी रुमालाबरोबर सेंगापुढे सरकवलं.

"काढून दाखव."

"काय?"

"माझी कोर. इतक्या पुस्तकांत काढलीस ना? एक इथे काढ."

सेंगाने पेन्सिल घेतली आणि काढली. लोक काढतात तशी, पाठ उजवीकडे. रुमाल मावशीने लगेच ओढून घेतला आणि ओंजळीत धरला. ती डावरी, तिची कोर जन्मभर उलट्या तोंडाची. मावशी त्या रुमालाकडे बघत राहिली. चहा निवत गेला. साहेबांनी वाकून बघायचा प्रयत्न केला तेव्हा तिने रुमालाची घडी घातली, आणखी एक घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

"हो," ती म्हणाली. "हीच ती. हिनेच काढलीय."

मग तिने मॉर्व्हेनला सांगितलं, की कॉम्प्युटर बंद कर पोरी, आणि मला अजून थोडा चहा दे.

हिवाळाभर गुरुवारी सेंगाची बस वाचनालयावरून जायची. मागच्या खोलीत दिवा दिसायचा, माना हलताना दिसायच्या. भांडण कुठल्या खुनावरून चाललंय ते काचेतून कळत नसे. ते तिला नंतर मावशीकडून कळायचं. मावशी बंदराजवळ चढायची, पुढच्या सीटवर बसायची आणि लॉकहार्टसाहेबांच्या आवाजाची नक्कल करत सगळं सांगायची. कधी तेच दोनदा. रुमालाविषयी दोघींपैकी कोणीही एक अक्षर काढलं नाही. फक्त निकालाच्या त्या आठवड्यातच कधीतरी, उतरताना, मावशीने पेन्सिलीचं थोटूक सेंगाच्या तिकिटांच्या खिडकीत ठेवलं होतं.

"तुझ्याकडेच असू दे," ती म्हणाली होती. "माझ्याकडे हरवतं."

पुस्तक संपलं की मावशी ते मागून घ्यायची, कोर काढायची आणि परत द्यायची. सेंगाने एक खोडरबर घेतला. पुस्तकं परत करायचं काम तिने मावशीकडून आपल्याकडे घेतलं, आणि डेपोत गाडी लावल्यावर तिसरं प्रकरण उघडायची.

फेब्रुवारीत एका दुपारी मावशी चढली. हातात पुस्तक: काळं आभाळ, एक झोपडी, एक कावळा. साहेबांनी शिफारस केलीय, म्हणाली, बघू काय दिवे लावलेत. बस डोंगर चढायला लागली. पाठीमागे पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. वरच्या वळणाशी मावशीने पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

"सेंगा, ऐक. पाद्र्याची बहीण."

सेंगाने आरशात बघितलं. मावशीचे डोळे लकाकत होते.

"इतक्यात?" सेंगा म्हणाली. "कशावरून?"

"सांगते," मावशी म्हणाली आणि पुढे सरकून बसली. "मासे खारवायला काय लागतं, सांग बघू."

सेंगाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, आणि विचार केल्यासारखं केलं.