शेजारशेजारच्या शेगड्या

अमेरिकेतल्या मेम्फिसमधल्या आमच्या सिनेगॉगच्या मागच्या मैदानात दरवर्षी कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या, बार्बेक्यूची स्पर्धा होते. त्या वर्षी सॉल गर्बर आणि लायनल बर्क्सन यांना शेजारशेजारच्या शेगड्या कुणी दिल्या, देव जाणे. लायनल हा सॉलचा एके काळचा मेहुणा. सॉलच्या बहिणीशी, फ्रेडाशी, त्याने घटस्फोट घेतला आणि वर्ष उलटायच्या आत तामारशी लग्न केलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. त्यात लायनलने आपल्या संघाचं नाव ठेवलं 'दुसरा डाव', आणि वर ते एप्रनवरही छापून घेतलं.

ते वाचून सॉलला राहवलं नाही. "पहिला डाव हरलास म्हणून दुसरा मांडलास का रे?"

"पहिल्यात बायकोबरोबर तूही गळ्यात पडला होतास," लायनल धूर हाताने उडवत म्हणाला. "तुझ्यापासूनही सुटलो, आता सगळं नीट शिजतंय."

स्पर्धेचे नियम कडक होते. मांस, मसाले, सुऱ्या, शेगड्या, सगळं सिनेगॉगने द्यायचं. घरून चिमूटभर मिरीसुद्धा आणायची नाही, कारण ती कोशर आहे याची ग्वाही देणार कोण? आमचे धर्मगुरू रब्बी टाइट्झ हात मागे बांधून प्रत्येक शेगडीपाशी घिरट्या घालत होते.

दुपारी सॉलला दिसलं, की तामार पिशवीतून एक बरणी काढते आहे. तिची ही पहिलीच स्पर्धा. तिने झाकण उघडलं, वास घेतला, मग शेगडीवरच्या मांसावर मसाला भुरभुरवला. सॉल तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. बरणी रिकामी होईपर्यंत तो पाहत राहिला, आणि मग रब्बींकडे गेला.

तामार खोटं बोलली नाही. घरचा मसाला आहे म्हणाली, त्यात काय चुकलं ते तिला कळेना. रब्बींचाही नाइलाज झाला. शेगडी बंद करायला लावली आणि आदल्या रात्रीपासून धुरावर मुरलेलं ते मांस कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गेलं.

"थंड झाला जीव?" लायनलने विचारलं.

"नियम मी नाही केले," सॉल म्हणाला.

फ्रेडा सॉलच्याच मांडवात कोबी चिरत होती. ती हात पुसत बाहेर आली. "रब्बी, बरणी माझी आहे. घरी वापर म्हणून मीच दिली होती हिला. इथला नियम सांगायचा राहिला."

सगळे तिच्याकडे बघतच राहिले. फ्रेडाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या दारात रोज सूप घेऊन तामार येत होती, हे तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

"फ्रेडा, मी तुझ्यासाठीच तर..." सॉल म्हणाला.

"माझ्यासाठी? तिने बरणी उघडली तेव्हा तू शेजारीच होतास ना? एक शब्द बोलला असतास तर मांस वाचलं असतं. तू थांबलास. पुरतं नासेपर्यंत थांबलास."

"त्या माणसाने तुझं काय केलं, विसरलीस?"

"माझ्या संसाराचं जे झालं ते मी केव्हाच गिळून टाकलं, सॉल. तूच अजून चघळत बसलायस."

तिने एप्रन सोडला, चिरलेल्या कोबीवर टाकला आणि तामारला भांडी आवरू लागली. लायनल काहीतरी गोड बोलायला पुढे झाला, तर त्यालाही तिने धारेवर धरलं. "तू तोंड उघडू नकोस. तुझ्यासाठी नाही आले मी. जा, गाडी काढ."

त्या संध्याकाळी पहिला नंबर सॉलचा आला. त्याच्या मांडवापुढे रांग लागली. मांस लोण्यासारखं झालंय, असं जो तो सांगत होता. सॉल मान खाली घालून काप काढत होता, ताटं भरत होता.