ऊंघूबाबूंची समाधी

आमच्या ह्यांना झोप कुठेही लागायची. जंगलखात्याच्या ऑफिसात फाइलीवर, न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेली असताना, एवढंच काय, तोंडात घास असतानासुद्धा. आम्ही राहायचो हिंदी मुलखात; ऑफिसातली मंडळी चिंतामण हे नाव सोडून त्यांना 'ऊंघूबाबू', म्हणजे डुलक्या घेणारे बाबू, म्हणत. साहेब आले की कुणीतरी मुद्दाम टेबल हलवायचं आणि सगळे खिदळायचे. हे घरी येऊन काही बोलत नसत, पण मला कळायचं.

रात्री तर भिंती हलतील असं घोरणं. शेजारच्या चंपाबाई म्हणायच्या, "अनुसयाबाई, तुमचे मालक सुखी जीव हायत. मन साफ असल्याबिगर अशी झोप येत नाही." डोंबलाचं सुख! ते घोरणं मध्येच तुटायचं. पोट वर-खाली व्हायचं, पण नाकातोंडातून हवा म्हणून नाही. मग एकदम हिसका, बुडता माणूस पाण्यावर यावा तसा, आणि पुन्हा घोरणं सुरू. तो हिसका येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. मी कोपराने ढोसून त्यांना कुशीवर वळवायची. मंगळसूत्रापेक्षा माझा माझ्या कोपरावर जास्त भरवसा होता.

शेवटी ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर नागपूरकडचे. त्यांनी रक्तदाब मोजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झोपेत यांचा गळा आतून मिटतो. हवा मिळत नाही, म्हणून हृदयाला दुप्पट राबावं लागतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर एक दिवस ते दमून थांबेल. वजन उतरवा, उताणं झोपू देऊ नका, श्वास अडला की लगेच उठवा."

"औषध काही?" मी विचारलं.

"सध्या तरी तुम्हीच."

घरी येताना हे रिक्षातच झोपले.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या मराठी मंडळींचं दर गुरुवारी दुपारी दत्ताच्या देवळात भजन असे. मृदंगावर महागूभाऊ. धानाची दलाली करायचे, पण जीव सगळा देवात. त्या गुरुवारी भजन रंगात आलं आणि हे खांबाला टेकून झोपले. श्वास अडला. महागूभाऊंनी नाकाशी कापूस धरला, तर तो हलेना. ते ओरडले, "श्वास रोकला! समाधी लागली!" तेवढ्यात ह्यांनी हिसका देऊन डोळे उघडले आणि समोर सगळे हात जोडून रडत असलेले. झालं, तेव्हापासून आमचे ऊंघूबाबू चिंतामणबुवा झाले. गादी आली, लोड आला, हार आले.

"अवो, हा रोग हाय तुमचा," मी घरी म्हटलं. "लोकायले सांगा ना."

"वीस वर्षं हसले लोक मले," हे म्हणाले. "आता पाया पडतात. तुले काहून खुपून राह्यलं?"

राग आला होता, पण त्यांच्या गळ्यातला हार मीच उतरवून खुंटीला टांगला.

पुढच्या गुरुवारी श्वास फारच लांबला. मी बायकांतून उठले, सगळ्या पुरुषांना ओलांडून गेले आणि दिली एक कोपरखळी. हे दचकून उठले, गळ्यातला हार तुटला. महागूभाऊ म्हणाले, "वैनी, समाधी मोडाचं पाप घेतलं तुमी डोक्शावर!" ह्यांनी तर घरी येऊन निक्षून सांगितलं, "आता देवळात पाय ठेवू नको."

दत्तजयंतीला नवं धोतर नेसून हे निघाले. न्यायला आलेल्या महागूभाऊंना मी दारातच गाठलं. "भाऊ, हात जोडते. श्वास अडला का त्यायले ढोसा. डॉक्टरनं सांगतलं हाय."

"हौ वैनी, चिंता नोका करू. फुलासारखं जपतो आमी बुवाले."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा हात जोडले.

देऊळ गल्लीच्या टोकाला. घरात मला बसवेना. भाजी चिरायला घेतली, ठेवली, अंगणात गेले, परत आले. मृदंग ऐकू येत होता तोवर बरं होतं. मग तो थांबला. जयजयकार झाला, नंतर सगळं चिडीचूप. जाऊ की नको? गेले तर पुन्हा चारचौघांत त्यांची शोभा होणार. मी उंबऱ्यापर्यंत जायची आणि मागे फिरायची.

किती वेळ गेला कोण जाणे. महागूभाऊ धावत आले. कपाळभर बुक्का, डोळ्यांत पाणी, आणि तोंड नुसतं आनंदाने फुललेलं.

"चला वैनी, दर्शनाले चला! आता तुमाले कोनी अडवत नाही. आज बुवाची समाधी लय खोल लागली. मघापासून श्वास नाही, आंग बी गार पडलं. पन मी कोनाले हात लावू देला नाही!"

मी अनवाणीच धावत सुटले. मागून महागूभाऊ येत होते आणि दारादारांतून लोकांना हाका मारत होते, या, दर्शनाला या.