पेंढीतले लुगडे

बोलीकोशातली ‘चोरटा माल’ ही नोंद संध्याकाळी छपाईला जायची होती. संपादक श्रीनिवास सरांनी अर्थ दिला होता : चोरीचा माल. त्यांची सहायक मनस्विनी हिचे म्हणणे वेगळे होते. निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर ‘करोडगिरी’, म्हणजे जकात, बसे; ती चुकवून आणलेल्या मालालाही इकडे हाच शब्द असणार.

“‘असणार’ हे कोशात चालत नाही,” सर म्हणाले. “बोलणारं माणूस आणा.”

म्हणून ती गारखेड्याहून करमाडला, नव्वदीच्या सारजाबाईंकडे आली. घरात नात सायलीच्या हळदीची गडबड होती. घाईघाईत मनस्विनीने विचारले, “आजी, तुमच्याकडं पूर्वी तस्करी व्हायची का?”

सारजाबाईंचा चेहरा ताठरला. “चोराचं घर वाटलं व्हय तुला? जेवून जा, पर पुन्हा इचारू नगं.”

मनस्विनी ओशाळून उठली, तोच अंगणात गलका झाला. सायलीचा मामा रामकिसन डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन आला होता आणि पोरींनी ओढणी आडवी धरून दार अडवले होते.

“करोडगिरी! पेंढीत काय हाय?”

“कडबा हाय, सायेब. म्हशीला.”

“मंग आज म्हशीचं लगीन हाय का?”

हशा उसळला. पोरींनी पेंढी सोडली. आतून पिवळेधमक लुगडे निघाले. बाजेवरच्या सारजाबाईंनी टाळी वाजवली. “आला गं बाई, चोरटा माल आला!”

मनस्विनी लगबगीने मागे वळली. ती त्यांच्या पायाशी बसली. “चुकलं माझं, आजी. हा खेळ कुठला?”

“खेळ न्हवं. माझ्या हळदीचं लुगडं मामानं नगरहून असंच आणलं. नगर इंग्रजाचं, आपण निजामाचे, नाक्यावर झडती. तवापासून आमच्यात मामा पेंढीतूनच आणतो.”

“हे कोशात लिहू?”

सारजाबाई थोडा वेळ लुगड्यावरून हात फिरवत राहिल्या. “लिही. पर मामानं चोरी केली असं लिहू नगं. दुकानातून दाम देऊन आणलं हुतं. नाक्यावाल्याला तेवढं सांगितलं नाय.”

तिथूनच मनस्विनीने सरांना फोन लावला. वाजंत्री सुरू झाली होती. तिला ओरडावे लागले. “सर, मिळालं! दाम देऊन घेतलेला, पण करोडगिरी चुकवून आणलेला माल! चोरीचा नव्हे!”

“म्हणालं कोण?”

तिने फोन सारजाबाईंच्या कानाशी धरला.

“म्या म्हणले!” त्या कडाडल्या. “खोटं वाटत असंल तर हळदीला या!”

पलीकडे सर मोकळेपणाने हसले. “नोंद थांबवतो. आजी, निघालोच.”