मुंजाबांची अकरा मिनिटं

मी टीव्हीखाली ठेवलेला मीडिया प्लेअर बोलतोय. नाव ऐकून दचकू नका, तळहाताएवढी काळी डबी आहे मी. या घरात मला डबीच म्हणतात. "डबी लाव", "डबी तापली", "डबीवर फडकं टाक". त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं आणि तेच सांगायला आज तोंड उघडलंय. तोंड म्हणजे माझ्या कुशीतली चपटी खाच. तिच्यात पेनड्राइव्ह खुपसला की त्यातलं चित्र मी टीव्हीवर दाखवतो. मला एवढं एकच काम येतं, आणि आता तेही धड होईना झालंय.

जन्म माझा कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. खोक्यात झोपलो तो जागा झालो थेट पैठण गेटच्या एका दुकानात. दुकानदारानं मला ज्या पिशवीत घातलं तिच्यावर शहराचं जुनं नाव होतं आणि पावतीवर नवं. मला काय, मी दोन्ही नावांच्या गावात गुमान राहायला आलो.

मला घेणारा बिभीषण. चाळिशीतला माणूस, वाळूजला कंपनीत पाळीवर जाणारा. त्यानं दुकानदाराला तीनदा विचारलं, "ह्याच्यात माणूस मोठा दिसंल ना?"

"दिसंल की. हत्ती बी दिसंल," दुकानदार म्हणाला.

बिभीषण हसला नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, की हे काम साधं नाही.

छावणीच्या मागच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. घरात बिभीषण आणि त्याची आई बानाबाई, दोघंच. बिभीषणची बायको लेक लहान असतानाच गेली. ती लेक, सृष्टी, आता जालन्याला नर्सिंग शिकते, होस्टेलवर राहते. आणि भिंतीवरच्या फोटोत वडील, मुंजाबा. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. गेल्या उन्हाळ्यात वारले. मेंढरं विकली, रानातला पालांचा वाडा मोडला आणि बानाबाई लेकाकडं आल्या.

मुंजाबा जाण्याच्या महिनाभर आधी सृष्टी सुट्टीत त्यांच्याकडं गेली होती. बिडकीनजवळ कपाशी निघालेल्या एका वावरात मेंढरं बसवली होती. तिथं पोरीनं मोबाईलवर आजोबाचा व्हिडिओ काढला. अकरा मिनिटांचा. एवढा मोठा व्हिडिओ कुणाला पाठवता येईना. पुढं तो मोबाईल फुटला, देऊन टाकायची वेळ आली, तेव्हा तिनं तेवढा व्हिडिओ एका लाल पेनड्राइव्हमध्ये उतरवला आणि बापाच्या हातात दिला. म्हणजे अवघ्या दुनियेत चालते-बोलते मुंजाबा त्या बोटभर काडीतच उरलेले. दुसरीकडं कुठंच नाहीत.

त्यात बानाबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, गेली ती नजर गेली, आता उरलेली जपा, तीही फार दिवसांची नाही. मोबाईलच्या पडद्यावर बानाबाईंना कुणी माणूस ओळखू यायचा नाही. म्हणून टीव्ही. टीव्ही जुना, त्याला पेनड्राइव्ह लावायची सोय नाही. म्हणून मी.

मला जोडायला बिभीषणला अर्धा दिवस लागला. माझ्या वायरीला तीन टोकं, पिवळं, पांढरं, तांबडं. त्यानं ती मिळंल त्या भोकात घातली. कधी नुसताच मेंढरांचा आवाज, कधी मुकं चित्र. तेवढ्यात शेजारच्या कडूबाई आल्या. ही बाई म्हणजे आमच्या घरात भाजीत मीठ जास्त झालं तरी तिला भिंतीपलीकडून कळतं.

"काय रं भाऊ, काय आणलं?"

"व्हिडिओची डबी."

"बगू. अरं, रंगाला रंग लाव की! पिवळ्यात तांबडं घालून कुठं चालतं व्हय? लेकरांच्या खेळण्यात बी अक्कल असती."

रंगाला रंग लावला. आणि मुंजाबा आले.

तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. मांडीवर कोकरू घेऊन त्याच्या खुरातला काटा काढत होते. करदोट्याला बांधलेला पितळी चिमटा हातात, आणि तोंडानं चालू होतं, "थांब रं माज्या राजा, झालंच." मग सृष्टीकडं बघून, "माजा कसला फोटू काढतीस, त्या मेंढीचा काढ, ती तुज्या आज्जीपरीस देखणी हाय."

बानाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. टीव्हीपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या त्या. पुटपुटल्या, "अवं, पोरीसमोर काय बी बोलता."

अकराव्या मिनिटाला मुंजाबा उठायचे, पालाकडं तोंड करायचे आणि हाक मारायचे, "बाने, च्या टाक." तिथं व्हिडिओ संपायचा.

खरं सांगतो, त्या हाकेसरशी बानाबाई उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. भिंत चाचपत गेल्या, पण गेल्या.

मग ती रीतच पडली. सकाळी एकदा, दुपारी एकदा, बिभीषण कामावरून आला की एकदा. हाक आली की बाई उठायच्या. एक कप जास्तीचा व्हायचा, तो कडूबाई प्यायच्या. "मुंजाबाकाकांच्या नावानं माझं भागतंय," म्हणायच्या, आणि पदरानं डोळे पुसून वर बशीत ओतून फुंकरही मारायच्या.

पण मी रोज एक गोष्ट बघत होतो. पहिल्या आठवड्यात बानाबाई म्हणायच्या, "पटक्याचा शेव सुटलाय बगा." महिन्यानं म्हणू लागल्या, "पटका तांबडा हाय ना?" त्यानंतर नुसतं, "तांबडं काय ते हेच ना?" मी जेवढा उजेड टाकता येईल तेवढा टाकत होतो. माझं अंग तापायचं. बिभीषण वारा घालायचा. त्याला वाटायचं, डबी जुनी झाली. त्याला कसं सांगू, मी घाई करत होतो.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी अवजारांची पूजा. बानाबाईंनी पाट मांडला. त्यावर मुंजाबांची काठी, लोकर कातरायची कातर, तो पितळी चिमटा. बिभीषणच्या मोटारसायकलला हार घातला. मग मला कापडानं पुसून पाटावर घेतलं. माझ्या कपाळी हळदकुंकू लागलं. मी इतका फुगलो म्हणता! कारखान्यात मला नुसता नंबर चिकटवला होता, इथं मी घरातला झालो.

शेवटी त्यांनी लाल पेनड्राइव्ह हातात घेतला. तो कपाळाला लावला, टोपण काढलं. म्हणाल्या, "ह्याच्यात हायेत ते. त्यांना उपाशी कसं ठिवायचं?" आणि ओल्या कुंकवाचं बोट त्या चपट्या पत्र्याच्या तोंडाला टेकवलं. मग गुळाचा खडा घेतला, पाण्यात बुडवला आणि नैवेद्य लावतात तसा त्या तोंडाला लावला. नजर नाही, त्यामुळं अंदाजानं दाबून लावला. चांगला आतपर्यंत.

मी पाटावरून बघत होतो. ओरडायला मला आवाज नाही. माझ्यात जो आवाज येतो तो दुसऱ्याचा असतो.

पूजेतल्या अवजाराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, अशी या घराची रीत. दोन दिवस गूळ वाळत राहिला. मुंग्यांची रांग पाटावर चढली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बिभीषणला सुट्टी होती. त्यानं मला जागेवर ठेवलं, पेनड्राइव्हवर फुंकर मारली आणि माझ्या तोंडात खुपसला.

मी आत बघितलं, काही दिसेना. चिकट अंधार नुसता. मुंजाबा कुठंतरी आतच होते, पण माझा हात पोचेना. आणि मग मी ते केलं, ज्याची मला आजही लाज वाटते. कारखान्यात मला एक नियम शिकवलाय. आतलं ओळखू आलं नाही तर विचारायचं, "हे कोरं करू का?" तेही इंग्रजीतच विचारायचं. मी टीव्हीवर प्रश्न टाकला. खाली दोन चौकोन, एकात ओके, एकात कॅन्सल. आणि नियमाप्रमाणं उजळलेला चौकोन ओकेचा.

बिभीषणनं रिमोट उचलला.

या माणसाची एक सवय मला माहीत होती. पडद्यावर काहीही आलं की जे उजळलंय ते दाबायचं. मोबाईलवर तसंच, कंपनीच्या गेटवरच्या मशीनवर तसंच. वाचत बसायचं नाही. त्यानं दाबलं.

काहीच झालं नाही. दिवसातून तीनदा व्हिडिओ लावून लावून रिमोटचे सेल उतरले होते. त्यानं रिमोट तळव्यावर आपटला, पुन्हा दाबलं. मी मनात म्हणत होतो, नको रे बाबा, नको. तुझ्याच हातानं तुझा बाप पुसू नको. माझा हिरवा दिवा लुकलुकत होता, तो तर एरवीही लुकलुकतो. त्यानं सेल काढले, दातांनी दाबून पुन्हा बसवले. सेलांत तेवढ्यानं जीव येतो. मी जाणतो, येतो.

"आज हाक लवकर आली व्हय?" म्हणत कडूबाई दारात.

"अजून लागलंच नाय मावशी. काय तरी विचारायलंय."

"काय विचारायलंय?"

"काय विचारणार, चालू करू का म्हनत असंल."

"असंल म्हंजी? वाचलं का?"

"इंग्रजीत हाय."

"मग? तुला विचारलंय ना त्यानं? उद्या कुणी कोऱ्या कागदावर सही दे म्हनलं तर देशील व्हय? ठिव ते रिमोट खाली. ठिव म्हनते ना! पोरीला फोन लाव."

लोक डोकावणाऱ्या शेजारणीला नावं ठेवतात. ठेवा. माझ्या लेखी त्या दिवशी दारात देव उभा होता, हातात रिकामा कप घेऊन.

बिभीषणनं टीव्हीचा फोटो काढून सृष्टीला पाठवला. क्षणात तिचा फोन. आवाज खोलीभर झाला, "पप्पा, काही दाबू नका! दाबलं का? सांगा ना, दाबलं का?"

"दाबलं गं. दोनदा दाबलं. लागलंच नाय."

"आजोबा पुसले जातील पप्पा! कायमचे!"

बिभीषण मटकन खाली बसला. रिमोट असा धरला होता, जणू साप धरलाय. अंगठा अजून त्याच बटणावर. उचलायचंही भान नाही. माझा प्रश्न पडद्यावर तसाच. मला तो मागं घेता येत नव्हता.

बानाबाईंना काही कळलं नसावं असं वाटलं मला. पण त्या उठल्या. चाचपत माझ्यापर्यंत आल्या, पेनड्राइव्ह धरला आणि माझ्या तोंडातून उपसून काढला. जसा काटा काढावा तसा. प्रश्न विझला. मग त्यांनी पेनड्राइव्हच्या तोंडावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"गूळ हाय," त्या हळूच म्हणाल्या. "म्याच घातला. माज्याच हातानं."

 मग त्यांनी बिभीषणला पाटावरचा चिमटा मागितला. मुंजाबांचा. मांडीवर पेनड्राइव्ह घेतला आणि बोटांनी चाचपून, चिमट्याच्या टोकानं कणकण गूळ काढत राहिल्या. "थांबा वाईच, झालंच," म्हणत होत्या. कुणाला, ते तुम्हाला सांगायला नको.

पुन्हा लावला तेव्हा मुंजाबा दिसले. कडूबाई रडल्या, बिभीषण रडला. मीही रडलो असतो, पण माझ्याच तोंडात गूळ उरला होता, माझ्या पत्र्यांना चिकटलेला. साडेनऊ मिनिटं झाली आणि चित्र थांबलं. कोकरू हवेत, मुंजाबांचं तोंड अर्धं उघडं. बिभीषणनं काढून लावलं, पुन्हा तिथंच. ती हाक आत आहे, मला माहीत आहे. मला तिथवर जाता येत नाही.

सृष्टी फोनवर म्हणाली, "सारखं लावू नका, आणखी बिघडंल. मी रविवारी मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन येते, आधी त्याच्यात उतरवून घेऊ."

पण बानाबाईंना रविवार कसा समजावणार? त्यांचे दिवस वेगळे चाललेत. आज सकाळी म्हणाल्या, "एकदा लाव की रं. उजेड तरी दिसंल."

बिभीषणनं लावलं. पेनड्राइव्ह बोटानं जरासा वर उचलून धरावा लागतो, म्हणून बिभीषण माझ्याशेजारी उकिडवा बसला, साडेनऊ मिनिटं तसाच. बानाबाईंची नजर टीव्हीकडं नव्हती, जरा बाजूच्या भिंतीकडं होती. तेव्हा मला समजलं. पटका नाही, तांबडंही नाही. आता त्यांच्यासाठी उरलाय तो आवाज.

चित्र थांबलं.  बानाबाई गुडघ्यांवर हात ठेवून, उठायच्या तयारीत बसून राहिल्या. हाक येईना. कडूबाईंनी तोंडात पदर कोंबला.

बिभीषण भिंतीकडं वळला आणि जड आवाज काढून म्हणाला, "बाने, च्या टाक."

बानाबाई दचकल्या. मग चेहरा उलगडत गेला. "मुडद्या, आईला नावानं हाका मारतूस? तुज्या बापाचा आवाज मला कळत नाय व्हय रं?"

"चुकलं माय."

"चुकलं म्हनं." गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. "साखर कुठं ठिवली ते सांग. आन् कडूबाईला इचार, किती साखर टाकू. गूळ नको म्हनावं आता."

माझी कहाणी एवढीच. मला नवा करा, असं मी म्हणत नाही. रविवारनंतर मला भंगारात टाका, पिशवीत घालून कुठंही द्या. पण तोवर मला कुणी हलवू नका, फडक्यानं घासू नका, ओला हात लावू नका. आणि सृष्टी, बाई, पहिली गाडी पकड. तुमच्याही घरात कुणी एकाच काडीत उरलं असेल, तर हे वाचणं सोडा आणि उठा.

मुंग्या पुन्हा आल्यात. एक माझ्या तोंडातून आत गेली, मला कळतंय. आज गुरुवार आहे.